पावसात दिलेला रंग

चाळीत अध्यक्ष व्हायला काही लागत नाही. बाकीच्या सगळ्यांनी नको म्हणावं लागतं, एवढंच. चंपा सोनकांबळे अशीच अध्यक्ष झाली. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा अंबादास गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि त्याच सतरंजीवर चाळीच्या बुद्ध विहाराची कमिटी बसली, कारण अध्यक्ष अंबादासच होता. एकाला शुगर होती, दुसऱ्याची नाइट शिफ्ट होती, आणि तिसऱ्याने ‘मला लोकांसमोर बोलता येत नाही’ हे लोकांसमोर उभं राहून चांगलं पंधरा मिनिटं सांगितलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, मग काकींनाच करा ना. काकी तेव्हा आत चहाचे कप विसळत होती. ती हात पुसत बाहेर आली तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

चाळ दहिसरला, नदीच्या काठाने उतरत गेलेली. एकशेदहा खोल्या, आणि सगळ्यात खालच्या टोकाला विहार. अंबादास आणि त्याच्या सहा दोस्तांनी तीस वर्षांपूर्वी रविवार-रविवार खपून तो बांधला. चंपा तेव्हा परभणीकडच्या गावातून नुकतीच लग्न होऊन आली होती. ट्रक वरच्या रस्त्यावर रेती ओतून निघून जायचा आणि ती रेती घमेल्याने खाली आणायची, त्यात चंपाचीही डोई होती. त्यामुळे विहार म्हटलं की तिला मूर्तीच्याही आधी भिंती आठवायच्या. त्या भिंतींतली कुठली वीट वाकडी बसलीय, हेसुद्धा तिला ठाऊक होतं.

बाई तशी खमकी. सकाळी सहाला उठून बोरीवलीला दोन गुजराती घरांत स्वयंपाक करायची. तिचे फुलके एवढे पातळ की दोन्ही घरं तिच्या सुट्टीला घाबरायची. शिक्षण सातवी, पण वाचन अंबादासने करून घेतलं होतं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालतं, ते अलीकडे तीच करायची. आवाज स्वच्छ होता. चाळीस-पन्नास माणसं मांडी घालून ऐकायची आणि तिला कधी अडखळायला व्हायचं नाही.

पण ‘साहेब’ हा शब्द आला की हीच बाई पार विरघळून जायची. रेशनच्या ऑफिसात खिडकीसमोर उभी राहिली की तिला स्वतःचं आडनाव आठवेनासं व्हायचं. अंबादास हसायचा. म्हणायचा, अगं, तो आपल्याच पैशावर पगार घेणारा माणूस आहे. ते अंबादासला पटलेलं होतं, चंपाला कधीच नाही.

आणि नेमकं तिच्याच कारकिर्दीत साहेब आले.

चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. हे दहा वर्षं नुसतं ऐकू येत होतं. या वर्षी खरंच कागद हलले. ऑगस्टच्या सुरुवातीला नोटीस लागली, की अमुक सोमवारपासून सर्वे होईल, प्रत्येक खोलीचा वापर काय ते नोंदवलं जाईल. म्हणजे सरळ हिशेब. विहार ‘विहार’ म्हणून नोंदला गेला, तर नव्या इमारतीत विहाराला जागा. नाही नोंदला, तर नाही.

चंपाच्या पोटात गोळा आला, आणि पोटात गोळा आला की आपल्या बायका जे करतात तेच तिने केलं. साफसफाई काढली. साहेब येणार, आणि भिंतींना ओल धरलेली, कोपऱ्यात पोपडे सुटलेले. अंबादासच्या विहारात साहेबाने नाक मुरडलेलं तिला चालणार नव्हतं. कमिटीचा सेक्रेटरी होता प्रबुद्ध, अठ्ठावीस वर्षांचा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारा. त्याला तिने फर्मावलं, "रंगारी बघ. शुक्रवारी काम सुरू झालं पाहिजे."

"काकी, ऑगस्टात कोण रंग देतं?" प्रबुद्ध म्हणाला. "सुकणार नाही. आधी सर्वे होऊन जाऊ दे ना, मग दिवाळीत झकास करू."

"साहेब काय दिवाळीत येणारे? दोन दिवसांचं काम. रविवारी सगळं परत जागेवर."

"आणि नाही झालं तर?"

"अध्यक्ष तू आहेस का मी?" चंपा म्हणाली. चार वर्षांत तिने हे वाक्य पहिल्यांदाच वापरलं, आणि वापरायला मुहूर्त हा शोधला.

प्रबुद्धने रंगारी आणला. रंगाचे शिंतोडे उडतील म्हणून पांढरी बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, ग्रंथ, पंचशील ध्वज, सतरंज्या असं सगळं सामान उचलून प्रबुद्धच्याच घरी, त्याची आई विमला हिच्याकडे नेलं. मूर्ती कुठेतरी कोपऱ्यात ठेवून चालत नाही. विमलाने शोकेसमधला टीव्ही काढून तिथे मूर्ती बसवली आणि वाचनही त्या दिवसांत तिच्याच खोलीत झालं. विमला आणि चंपा एकाच वर्षी सून होऊन या चाळीत आलेल्या. दोघींची बाळंतपणंसुद्धा एकमेकींनी केलेली. त्यामुळे कोणाचं सामान कोणाकडे, हा प्रश्न त्यांच्यात कधी आलाच नव्हता.

शनिवारी पाऊस जो लागला तो थांबेना. भिंती ओल्याच्या ओल्या. रविवारी सामान परत नेता येईना. शेजारच्या गवंड्याने ‘काकी, जरा कोरड्यात ठेवू का’ म्हणून चार सिमेंटच्या गोणी विहारात आणून टाकल्या, त्यालाही चंपाने हो म्हटलं. नोटिशीतल्या क्रमाने विहाराचा नंबर गुरुवारी येणार होता. म्हणजे अजून तीन दिवस हातात होते.

सोमवारी सर्वेवाले आले, तर वरच्या गल्लीत गटार तुंबून गुडघाभर पाणी. मग त्यांनी खालून सुरुवात केली. साडेअकराला ते विहाराच्या दारात उभे होते. चंपा बोरीवलीत फुलके लाटत होती, प्रबुद्ध लॅबमध्ये होता, विमला रेशनच्या रांगेत होती. विहारात एक शिडी, तीन रंगाचे डबे, चार सिमेंटच्या गोणी आणि एक रंगारी. साहेबाने विचारलं, इथे काय चालतं? रंगारी म्हणाला, "मेरे को क्या मालूम साहब, मैं तो कलर मारता है." साहेबाने फोटो काढला, दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या खोलीकडे वळला. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

त्या दोन ओळी काय होत्या, ते सप्टेंबरात यादी लागली तेव्हा कळलं. खोली क्रमांक एकशेअकरा. बांधकाम साहित्याचे गोदाम. धार्मिक वा सामाजिक वापर आढळला नाही.

त्याच संध्याकाळी वाचन झाल्यावर विहारातच मीटिंग बसली. भिंती आता सुकल्या होत्या, छान पिस्ता रंगाच्या दिसत होत्या. माणसं चिडलेली होती आणि चिडलेल्या माणसांना आधी माणूस लागतो, मग कारण. कोणीतरी विचारलं, "ऐन सर्वेत खोली रिकामी करायची अक्कल कोणाची?"

प्रबुद्धने चंपाकडे पाहिलं. ते बोट दाखवणं नव्हतं. ती बोलेल एवढीच त्याची खात्री होती.

चंपाला बोलायचं होतं. हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं, की तिचे ओठ हललेही. पण त्याच क्षणी तिला पुढचं सगळं ऐकू आलं: अंबादासने बांधला आणि अंबादासच्या बायकोने घालवला. हे वाक्य अजून कोणी म्हटलं नव्हतं, पण ते जन्मभर चाळीत फिरत राहणार होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "रंगारी तर प्रबुद्धनेच आणलेला ना? किल्लीपण त्याच्याकडेच असते." खोटं काहीच नव्हतं त्यात. आणला होता त्यानेच. चंपाने मान खाली घातली.

मग काय, सगळे त्याच्यावर तुटून पडले. शिकलेला माणूस आणि एवढी अक्कल नाही? एकाने तर बिल्डरला मिळालेला दिसतो असंही म्हणून घेतलं. विमला उठायला लागली तसा प्रबुद्धने तिचा हात दाबला. "बस आई," तो हळूच म्हणाला. लहानपणी अंबादास काकांनी त्याला याच खोलीत गणितं शिकवली होती. त्यांच्या बायकोचं नाव तो इथे घेणार नव्हता. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेला. विमला दारात थांबली. तिने चंपाकडे एकदा सावकाश पाहिलं आणि गेली.

त्या दिवसापासून विमलाने बोलणं टाकलं. नळावर समोरासमोर आल्या तरी ती आपला हंडा उचलून बाजूला व्हायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

विहाराची तर वाटच लागली. चाळीसाचे पंचवीस झाले, पंचवीसाचे बारा, शेवटी सहा. ज्याला त्याला आपापल्या खोलीची पडली होती. आपलं नाव यादीत आलं ना, मग झालं. विहाराचं बघतील कमिटीवाले. कमिटीवाले म्हणजे कोण? सेक्रेटरी येत नव्हता, खजिनदार गावी गेला होता, उरली चंपा. यादीवर हरकत घेता येत होती. लेकीने, शीतलने, मोबाइलवर टाइप करून अर्ज दिला. सुनावणीची तारीख मिळाली, ती नेमकी अश्विन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची.

या सगळ्यात एक गोष्ट चंपाला आतून पोखरत होती. वाचनाआधी पंचशील म्हणतात. पुढे बसलेल्याने आधी म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. पुढे बसणार चंपा. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तीन शीलं ती नेहमीसारखी खणखणीत म्हणायची, चौथ्याला आवाज पडायचा आणि ती घाईघाईने पाचव्यावर जायची. समोरच्या सहा जणांच्या लक्षात आलं असेल-नसेल. तिला मात्र रोज आठ वाजले की धडकी भरायची. ज्या जागेसाठी ती झुरत होती, त्याच जागेत जाऊन बसायची तिला भीती वाटू लागली होती.

शेवटी एका रविवारी तिने शीतलला सगळं सांगितलं. शीतल मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात नोकरीला, सव्वीस वर्षांची, तोंडाने फटकळ.

"म्हणजे प्रबुद्धदादाने तुला नाही म्हटलेलं?"

"दोनदा म्हटलेलं."

"आणि मीटिंगमध्ये तू गप्प बसलीस? मम्मी, तो माणूस महिना झाला मान खाली घालून जातोय गं!"

"भीती वाटली."

"कोणाची? साहेबाची?"

"साहेब कुठे होता तिथे," चंपा म्हणाली. "आपल्याच माणसांची वाटली."

शीतलने आईच्या पुढ्यात ताट ठेवलं. चंपाने ते तसंच झाकून ठेवलं.

बिल्डरचा माणूस राजेश मधूनमधून चाळीत चक्कर टाकायचा. गोडबोल्या, सगळ्यांना मावशी-काका म्हणणारा. एकदा तो चंपाला गल्लीत भेटला. "मावशी, सुनावणीला कशाला धावपळ करता? फोटोत गोणी दिसतायत, साहेब काय करणार? खूप वाटत असेल तर जाऊन या, मन मोकळं होईल." त्याचं बोलणं वाईट नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. चंपा घरी येऊन तासभर नुसती बसून राहिली. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिने ठरवलं होतं की जायचंच नाही. तब्येतीचं काहीतरी सांगायचं, अर्ज निकालात निघेल, विहार पडेल आणि कोणी काही विचारणार नाही. तिला त्या विचाराने बरंसुद्धा वाटलं. हे तिनेच नंतर शीतलला सांगितलं, लाज वाटून.

अश्विन पौर्णिमा आली. वर्षावासाचा शेवटचा दिवस, खीरदान. वर्षभर न फिरकणारेही त्या दिवशी येतात. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, आत जागा उरली नाही तशी माणसं बाहेर पायरीवर आणि गल्लीत बसली. ऐंशी तरी असतील. विमला मागच्या भिंतीला टेकून बसली होती. प्रबुद्ध आत आलाच नाही. आईला सोडायला आला आणि बाहेर चप्पलांजवळ उभा राहिला.

चंपा पुढे बसली. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. ऐंशी माणसांचा आवाज त्या छोट्या खोलीत घुमत होता. चौथ्याला ती थांबली. लोकांना वाटलं ठसका लागला. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मला हे म्हणता येत नाही," चंपा म्हणाली.

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"सर्वेच्या वेळेला विहार रिकामा करायला मी सांगितला. रंगाचं मी काढलं. प्रबुद्ध नको म्हणत होता, दोनदा म्हणाला. मी त्याला म्हटलं, अध्यक्ष तू आहेस का मी. मीटिंगमध्ये तुम्ही त्याला बोललात आणि मी ऐकत बसले. मी घाबरले. तुम्ही काय म्हणाल म्हणून घाबरले. आता म्हणा काय म्हणायचं ते."

पुढच्या रांगेतले एक म्हातारे, अंबादासबरोबर रेती वाहिलेल्या सहांपैकी हे एकटेच राहिलेले, म्हणाले, "अगं, मग तेव्हा जीभ झडली होती का?"

"हो बाबा," चंपा म्हणाली.

"पोराचं नाव खराब केलंस. आणि विहारपण."

"हो."

ज्या वाक्याला ती महिनाभर भीत होती, ते असं आलं. त्याहून फार काही झालं नाही आणि कमीही झालं नाही. दोन बाया उठून निघून गेल्या. मागे कुजबुज सुरू झाली. एक जण मोठ्याने म्हणाला की अंबादास असता तर हे झालं नसतं. चंपाने तेही ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "मला उतरवा. दुसरा अध्यक्ष निवडा. आत्ताच निवडा, उद्या सुनावणी आहे."

यावर मात्र सगळ्यांचा राग एकदम आवरला. जो तो सतरंजीची वीण बघू लागला. आपल्याकडे अध्यक्षाला शिव्या द्यायला ऐंशी माणसं मिळतात, सुनावणीला जायला एक मिळत नाही. शेवटी म्हातारेच वैतागून म्हणाले, "राहू दे आता. म्हण पुढचं. खीर गार होतेय."

चंपाने चौथं शील म्हटलं, मग पाचवं. लोकांनी मागून म्हटलं, पण अर्ध्याच आवाजात. वाचन झालं. खीर वाटली गेली. बऱ्याच जणांनी ती डब्यात घेतली आणि तिच्याशी न बोलता गेले. विमलाही गेली. चंपा पातेली आवरत होती तेव्हा दारातून प्रबुद्धचा आवाज आला.

"उद्या किती वाजता?"

"अकरा," ती म्हणाली.

माफ केलं, विसरून जा, असलं काही तो बोलला नाही. पण सकाळी दहाला गल्लीच्या तोंडाशी फाइल घेऊन उभा होता.

सुनावणीचे साहेब चांगले होते. हेच त्यातलं वाईट. ओरडले असते तर चंपाला राग धरता आला असता. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. आणि चंपा बोलली. जिला रेशनच्या खिडकीशी आडनाव आठवायचं नाही, ती नावागावासकट, तारखेसकट, रंगाच्या डब्यासकट बोलली. विहार कोणी बांधला ते सांगितलं. मूर्ती विमलाच्या शोकेसमध्ये का ठेवली ते सांगितलं. कुठेही अडखळली नाही. प्रबुद्धने तीस वर्षांचे फोटो, कार्यक्रमांच्या पत्रिका एकामागून एक पुढे ठेवल्या. साहेब मान हलवत होते. शेजारी बसलेला कारकून लिहून घेत होता. चंपाला क्षणभर, खरंच क्षणभरच, असं वाटलं की होईल.

"थांबा बाहेर," साहेब म्हणाले. "आदेश आजच देतो."

दोन तासांनी कागद हातात आला. प्रबुद्धने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

"वाच ना," चंपा म्हणाली.

"काकी, राहू दे."

तिने कागद ओढून घेतला. वाचन तिला चांगलं येत होतं. ‘संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः मान्य केले आहे की, सर्वेक्षणाच्या दिवशी सदर खोली त्यांच्याच सांगण्यावरून रिकामी करण्यात आली होती व तेथे बांधकाम साहित्य होते. सबब सर्वेक्षणातील नोंद योग्य असून हरकत फेटाळण्यात येत आहे.’

तिने ते परत एकदा वाचलं. तिचंच वाक्य होतं. एक अक्षर चुकीचं नव्हतं.

प्रबुद्ध तडक आत गेला. बाहेर ऐकू येत होतं. साहेब, वापर तीस वर्षांचा आहे, एका दिवसाचा नाही. साहेबांचा आवाज शांत होता. "तुमचं म्हणणं खरं असेल हो. पण जागेवर जे दिसलं ते आम्हाला लिहावं लागतं, आणि बाईंनी तर ते कबूलच केलंय." अपील करता येईल, वरचं कार्यालय आहे, पण पाडकाम त्यासाठी थांबेलच असं नाही. जानेवारीत खालची रांग पाडायला घेणार. कारकुनाने चंपासमोर रजिस्टर सरकवलं. "प्रत मिळाल्याची सही करा. अध्यक्ष तुम्हीच ना?"

चंपाने प्रबुद्धकडे पाहिलं. काल रात्रीपासून तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"हो, त्याच आहेत," प्रबुद्ध म्हणाला.

तिने सही केली. जिना उतरताना मधल्या वळणावर ती पायरीवरच बसली.

"मी बोलले नसते तर?" तिने विचारलं.

प्रबुद्धने विचार केला. लॅबमध्ये काम करणारा माणूस, उगाच बरं वाटेल असं बोलण्याची सवय त्याला नव्हती. "माहीत नाही काकी. फोटो तर होताच. पण माहीत नाही." मग म्हणाला, "मी ग्रुपवर टाकतो. सगळ्यांना एकदम कळेल. तू घरी जाऊन पड."

चंपाला ते फार हवंसं वाटलं. घरी जावं, दार लावावं, उशीत तोंड खुपसावं. ग्रुपवर मेसेज पडला असता, चार जणांनी हात जोडलेले टाकले असते, दोघांनी शिव्या दिल्या असत्या, आणि उद्या दुसराच कसला तरी मेसेज आला असता. तिचं तोंड कोणाला बघावं लागलं नसतं.

"नको," ती म्हणाली. "ग्रुपवर नको टाकूस. मी सांगते."

"एकशेदहा खोल्या आहेत."

"माहीत आहे. रेती वाहिलीय मी तिथे."

पाचला चाळीत पोचली आणि वरच्या टोकापासून तिने सुरुवात केली. दार वाजवायचं, कागद उघडायचा, ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवायचं. ‘अध्यक्षांनी स्वतः मान्य केले आहे’ हेही. मग सांगायचं की विहार जाणार, जानेवारीत. पहिल्या दारात बाई रडायला लागली. दुसऱ्या दारात नवऱ्याने आतूनच विचारलं, मग काल एवढं कशाला नाटक केलंत? तिसऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि न बोलता दार लावून घेतलं. काही ठिकाणी टीव्हीचा आवाज कमी करण्याचीसुद्धा तसदी कोणी घेतली नाही. तरी ती वाचत होती. प्रत्येक दाराआधी तिच्या पोटात तोच गोळा यायचा. दहाव्या दाराला जाईल, विसाव्याला जाईल असं तिला वाटत होतं. तो काही गेला नाही. गोळा घेऊनच ती पुढचं दार वाजवायची.

एक्केचाळीसावं दार विमलाचं. इथे मात्र ती बराच वेळ उभी राहिली. आतून फोडणीचा वास येत होता. तिने कडी वाजवली. दार विमलानेच उघडलं. चंपाने कागद उघडला आणि वाचायला लागली. या एका दारात ‘त्यांच्याच सांगण्यावरून’ इथे तिला दोनदा थांबावं लागलं. विमला उंबऱ्यात पदराला हात पुसत उभी होती. ये आत, असं तिने म्हटलं नाही.

वाचून झालं. विमलाने कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. सव्वा महिन्यात ती पहिल्यांदा चंपाशी बोलली.

"मग आता काय करायचं?"

चंपाने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, विमला शिव्या देईल. त्याची तयारी होती. याची नव्हती.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली. "खरंच काही माहीत नाही. अजून एकोणसत्तर दारं राहिलीत. ती करून येते, मग बसू."